हाक असेल तरच ओ

“मिस्टर जोन्स!”

मिस क्रॅनवेलनं मागखात्याच्या दारातून हाक मारली. दहाच्या चहासाठी माग थांबलेले होते, त्यामुळे हाक खोलीभर नीट ऐकू गेली आणि पाच माना एकदम वळल्या.

“तुम्ही सगळे?” ती म्हणाली.

“आम्ही सगळे,” कप खाली ठेवत हेविन म्हणाला. “शिवाय रफूखात्यात दोन मिसेस जोन्स आहेत, त्या वेगळ्या. तुम्हांला कोणता पाहिजे, बाई? लांबुडका, बुटका, का नाकवाला?”

“जे आगीचं बघतात ते.”

“मग नाक. ए नाका, ऊठ! लंडनहून बोलावणं आलंय.”

“लीड्सहून,” मिस क्रॅनवेल म्हणाली.

“आम्हांला सारखंच,” हेविन म्हणाला, आणि सगळे हसले. मी हसले नाही. मी गिरणीच्या ऑफिसातली कारकून, मॅनेजरांनी मला वही घेऊन बाईंच्या मागं लावून दिलं होतं, आणि मागं लावून दिलेल्या माणसानं हसायचं नसतं.

दिल्विन जोन्स उठला. चौसष्ट वर्षांचा, ठेंगणा, निळ्या डगल्यातला माणूस. त्याचं मुख्य काम पिंजणयंत्रांना तेल घालायचं. एखाद्या आसातलं तेल तापलं तर आधी दिल्विनला कळायचं आणि मग यंत्राला, असं आमच्या पॉन्तवेनमध्ये म्हणत. म्हणून तो ‘नाक’. नाव घेऊन भागत नाही आमच्याकडं. पाद्र्यांनी वर्षानुवर्षं तीच पाच आडनावं आणि तीच दहा नावं घालून अख्खं खोरं भरलेलं आहे. मी एलेरी, पण गावाला एलेरी चार. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तरी मी अजून ‘एलेरी टकटक’च.

बेचाळीस वर्षं दिल्विन गिरणीचा फायर वॉर्डन होता. त्याचा त्याला काही पगार नव्हता. दंडाला बांधायची लाल पट्टी एवढंच काय ते.

गिरणी त्या वर्षी नव्या कंपनीनं घेतली होती, आणि कायदाही नवा आला होता. आधी बंबवाले येऊन दाखला देत. आता ज्याची गिरणी त्यानंच धोका कुठं कुठं आहे ते शोधायचं, लिहायचं, आणि निस्तरायचं. म्हणून कंपनीनं लीड्सहून मिस क्रॅनवेलला पाठवलं होतं. वय असेल तिशीचं. केस घट्ट बांधलेले, पायांत लोखंडी टाचांचे बूट. गावानं तिला पहिल्या तासातच नापास करून टाकलं होतं. मी मात्र तिच्या मागून चालत होते, आणि मला दिसत होतं की बाईला काम येतं.

तिनं शिडी मागवली आणि तुळईवरून बोट फिरवलं. बोटाला लोकरीचा भुसा अर्धा इंच. “हे पेटलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळ लागेल, मिस्टर जोन्स?”

“तुमचा एक श्वास.”

“मग हे इथं का आहे?”

“दर शनिवारी झाडतो. हल्ली माणसं कमी केलीत.”

“ते मी लिहिते,” ती म्हणाली, आणि खरंच लिहिलं. जिन्याखाली टाकाऊ लोकरीची पोती होती, तीही लिहिली. मग आम्ही पिंजणखात्याच्या शेवटच्या दाराशी आलो. दारावर पांढऱ्या रंगात एकच शब्द होता. डोळ्यांवर विश्वास न बसून बाईनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला.

“सैतान,” मी म्हटलं.

“हा विनोद आहे का?”

“यंत्राचं नाव आहे,” दिल्विन म्हणाला. “दात असलेला ढोल. गठ्ठ्यातली लोकर टराटरा फाडून मोकळी करतो. लोकरीत एखादा खिळा, एखादा खडा राहिला की दाताला लागतो आणि ठिणगी उडते. सगळ्या गिरण्यांतून त्याला सैतानच म्हणतात. आणि जो चालवतो तोही सैतान.”

आतून डव्रिग जोन्स बाहेर आला. दोन्ही काखांत लोकरीचे गठ्ठे, केसांत भुसा, चेहरा नुकत्याच धुतलेल्या बाळासारखा. रविवारी चॅपेलात लहान मुलांना गोष्टी सांगतो तो हाच सैतान. आयुष्यात कुणाला ‘अरे’ म्हणालेला नाही. “नमस्कार, बाई,” तो म्हणाला आणि उघड्या दारातून निघून गेला.

दार उघडं होतं, कारण त्याच्या पायाशी बिडाचं एक वजन लावून ठेवलेलं होतं.

“हे आगीचं दार आहे,” मिस क्रॅनवेल म्हणाली.

“हो.”

“मग हे वजन कुणी लावलं?”

“मी. दार जड आहे, बाई. डव्रिगचे दोन्ही हात भरलेले असतात. पाठीनं ढकलून ढकलून बिचाऱ्याची पाठ गेली.”

“आणि आग लागली तर?”

“मी येऊन वजन काढीन.”

“तुम्ही त्या वेळी इथं असाल?”

उत्तराची वाट न बघता मिस क्रॅनवेल वाकली, दोन्ही हातांनी ते वजन उचललं आणि पार बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. मागं दार आपणहून, सुस्कारा टाकल्यासारखं, बंद झालं. दिल्विनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्याची चूक काढणारी माणसं पुष्कळ असतात. चूक काढून वर स्वतः ओझं उचलणारी थोडी. हे त्यालाही दिसलं असावं, कारण तो एवढंच म्हणाला, “पाठीचं काय ते मग बघू.”

दुपारी ऑफिसात मी चहा आणि मनुकांचा पाव ठेवला. मिस क्रॅनवेलनं विचारलं, “सगळे बाहेर आले की हजेरी कशी घेता?”

दिल्विननं दारामागची दगडी पाटी आणली. बाई वाचायला लागली. “सैतान. हेविन भुंगा. डेलिथ घड्याळ. नेस्टा नदीपलीकडची... मिस्टर जोन्स, हे काय आहे?”

“माणसं.”

“आणि हा पहिला? दाविथ माळा? हे कुठल्या खात्यात आहेत?”

“लोकरीच्या माळ्यावर.”

“माळ्यावर तर कुणीच नाही. मी आत्ता जाऊन आले.”

“बरोबर,” दिल्विन म्हणाला.

मी माझ्या कपात बघत राहिले. त्या नावाबद्दल पॉन्तवेनमध्ये कुणी विचारत नाही. माहीत सगळ्यांना असतं.

मिस क्रॅनवेलनं पाटी हलक्या हातानं टेबलावर ठेवली. “हे बघा. मुख्य ऑफिसातून छापील यादी आली आहे. सेहेचाळीस नावं. वॉर्डनही यापुढं प्रशिक्षण घेतलेलाच लागेल. कायदा तसा आहे.”

“भुशाचं बोललात, ते बरोबर. पोत्यांचं बरोबर. दाराचं तर...” दिल्विन थांबला. “तेही बरोबर. पट्टीही काढून घ्या. हजेरी तेवढी राहू द्या.”

“का?”

“ती ऐकू येते. यादी नुसती दिसते.”

“मला नाही कळलं.”

“मला नीट सांगता येत नाही,” दिल्विन म्हणाला. पावाचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता.

“उद्या अकराला सराव घेऊ,” ती म्हणाली. “छापील यादीनं. यादी पुरली, तर पाटी बंद. नाही पुरली, तर मी तसं लिहीन. ठीक?”

“ठीक,” तो म्हणाला. पण पाटी पुन्हा दारामागं ठेवताना त्यानं ती बाहीनं पुसली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण नावंच पुसली. उभ्या उभ्या त्यानं ती सगळी परत लिहिली. बघून लिहायची त्याला गरज नव्हती.

त्याला सांगता आलं नाही, ते मी सांगते, कारण चॅपेलात मी त्याच्या मागच्याच बाकावर बसते.

दिल्विन आमच्या चॅपेलात गाणं उचलणारा. म्हणजे पेटी सुरू व्हायच्या आधी उभा राहून पहिला सूर लावायचा, आणि मग अख्ख्या चॅपेलानं तो चार आवाजांत उचलायचा. बायका वरच्या दोन आवाजांत, पुरुष खालच्या दोन. पॉन्तवेनमध्ये माणसाला लिहायला नंतर येतं, आपला आवाज कोणता ते आधी कळतं. आणि आमच्या लहानपणी प्रॉसर पाद्री होते. त्यांचं निरूपण बोलण्यात सुरू व्हायचं. अर्धा तास झाला की शब्द लांबायला लागायचे, एकेका ओळीचं टोक वर चढायचं, आणि मग कधी ते बोलायचे थांबले आणि गायला लागले हे आपल्याला कळायचंही नाही. बाकाची फळी हाताखाली थरथरायची. मी आजवर देव पाहिलेला नाही, पण त्या थरथरीवर मी हात ठेवलेला आहे.

त्यांचं एक निरूपण दर वसंतात व्हायचं, मेंढ्या व्यायला लागल्या की. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, ती गोष्ट. प्रॉसर विचारायचे, धन्याला कसं कळलं एक कमी आहे? मोजून? मग सूर चढायचा. नाही हो नाही, मोजतो तो विकणारा! जो पाळतो तो मोजत नाही, तो हाका मारतो, एकेकाला नावानं, आणि जिथून ओ येत नाही तिथं त्याच्या काळजाला भोक पडतं!

दिल्विननं ते निरूपण ऐकलं आणि गिरणीच्या अंगणात आणलं. त्याची हजेरी म्हणजे गाणंच. खात्याखात्यानं, वरपासून खालपर्यंत, तो टोपणनाव एका सुरावर टाकायचा, आणि ज्याचं नाव त्यानं आपल्या आवाजात आपल्या पट्टीत उत्तर द्यायचं. उत्तराचा शब्दही ठरलेला. ‘हजर’ नाही. ‘बाहेर.’ तो म्हणायचा, “हजर तुम्ही कुठंही असाल, स्वर्गातसुद्धा. मला बाहेर पाहिजे.” आणि दुसरा नियम, नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी बोट रोखून सांगायचा: “हाक तुझी असेल तरच ओ. दुसऱ्याची हाक कितीही रिकामी पडलेली दिसली तरी तोंड उघडायचं नाही.”

आणि सगळ्यांत पहिली हाक, ‘दाविथ माळा’. त्या हाकेला कुणी उत्तर देत नसे. एका श्वासाएवढी शांतता, मग पुढचं नाव.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला घंटा झाली. सगळे यंत्रं बंद करून हसत, चेष्टा करत अंगणात आले. सराव आहे हे गावच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. डेलिथ घड्याळ विणकामासकट आली. “बाई, थंडी आहे हो, आटपा लवकर,” हेविन ओरडला. “भुंगे मरतात थंडीनं.”

मिस क्रॅनवेलनं यादी माझ्या हातात दिली. “तुम्ही वाचा. मी वेळ बघते.”

यादी आडनावाच्या क्रमानं होती आणि मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटरला नावाचं एकच अक्षर पुरत होतं. मी वाचत गेले. डेव्हिस एम., हजर. इव्हान्स एच., हजर. दिल्विन समोरच उभा होता म्हणून त्याची टिक बाईनं आधीच करून ठेवली होती. मग जोन्स डी. राहिले तीन.

“जोन्स डी.”

“हजर,” रंगखात्यातला डायन्योल म्हणाला.

“जोन्स डी.”

“हजर,” डेलिथ म्हणाली.

“जोन्स डी.”

“हजर!” कुठूनसं आलं, जरा जोरात.

मी टिक केली. माझ्याच पेन्सिलीनं.

“सेहेचाळीसपैकी सेहेचाळीस,” मिस क्रॅनवेल म्हणाली. “तीन मिनिटं चाळीस सेकंद. उत्तम. मिस्टर जोन्स, यादी पुरली.”

दिल्विनचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. वारा नदीकडून वाहत होता, त्यामुळे त्याच्या नाकाला काही कळायची सोय नव्हती. त्यानं मान एका बाजूला कलती केलेली होती, पहिला सूर लावायच्या आधी करतो तशी.

“एकदा माझी घेऊ द्या,” तो म्हणाला.

“पण आता...”

“शेवटची. दोन मिनिटं.”

तिनं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि मान हलवली.

दिल्विननं टोपी काढली. “दाविथ माळा...”

शांतता. एक श्वास. सवयीनं सगळ्यांचीच बोलणी थांबली. डेलिथच्या सुयाही.

“सैतान...”

काही नाही.

त्यानं तोच सूर अर्ध्या पायरीनं वर नेला. “सैता...न...”

सैतानाचा आवाज बारीक, उंच, चॅपेलात खिडकीच्या काचेला लागेल असा. तो आला नाही. आणि मी शप्पथ घेऊन सांगते, त्या अंगणात चाळीसेक माणसांनी एकदम ते भोक ऐकलं. कुणीतरी “देवा” म्हणालं.

“एलेरी,” दिल्विन म्हणाला. आवाज शांत होता. “बंब बोलाव. सराव नाही म्हणून सांग. हेविन, माझ्याबरोबर. सैतानाच्या अंगणाकडच्या दारानं. बाकी कुणी जागचं हलायचं नाही, बाई सांगतील तसं.”

मी ऑफिसाच्या दारातल्या फोनकडं धावले आणि तिथूनच बघितलं. त्या खोलीच्या खिडकीला आतून राखाडी रंग लागलेला होता. दिल्विननं दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघितली, मग हेविनला खाली वाकवलं, मग दार उघडलं. धूर एखाद्या गाईसारखा अंगावर आला. दोघं जमिनीलगत आत गेले, एकच पाऊल, आणि डव्रिगला डगल्याला धरून ओढत बाहेर आले. दारापासून हातभर अंतरावर पडलेला होता तो. हातात वाळूची रिकामी बादली.

“दार लाव!” दिल्विन ओरडला. “हवा मिळू देऊ नको त्याला!” हेविननं दार लाथेनं बंद केलं.

झालं होतं एवढंच. घंटेच्या जरा आधी कुठल्याशा मेंढपाळाच्या कुंपणाचा खिळा लोकरीतून सैतानात गेला होता. ढोलाखालून धूर येताना डव्रिगनं पाहिला, तेवढ्यात सरावाची घंटा झाली. सगळे मजेत बाहेर चाललेत, तर उगाच गलका कशाला, आपणच विझवून मागाहून जाऊ, असं त्या भिडस्त माणसाला वाटलं. कुणाला ‘अरे’ न म्हणणाऱ्यानं ‘आग’ तरी कसं म्हणावं!

बंब अकराव्या मिनिटाला आला. गावचा बंब गावकरीच चालवतात; त्या दिवशी आमचा पाववाला गार्मोन, कोपरापर्यंत पीठ तसंच. सैतान यंत्र गेलं, त्या खोलीचं छप्पर गेलं. पण मधलं दार बंद होतं. पिंजणखात्यात नुसता वास शिरला, ठिणगी नाही. डव्रिगला रुग्णवाहिकेत ठेवताना तो खोकत खोकत नर्सला म्हणत होता, “माफ करा हं, तुम्हांला त्रास.”

सगळं निवल्यावर मिस क्रॅनवेल नदीकाठच्या भिंतीशी उभी होती. माझी यादी तिच्या हातात होती.

“तीन टिका आहेत,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांदेखत. तिसऱ्यांदा कोण बोललं?”

डायन्योल पुढं आला. “मी, बाई. मला वाटलं, मघाचं पहिलं माझं नव्हतं, हे माझं...”

“मी पण बोलले,” डेलिथ म्हणाली आणि तिचा बांध फुटला. “मला पण तेच वाटलं. दोघं एकदम बोललो. मी त्याला मारला असता गं, एलेरी! मी मारला असता!”

“रडू नको,” दिल्विन म्हणाला. तो भिंतीवर बसला होता, भुवया जळालेल्या. “तू नाही मारलास. रडू नको, मी सांगतो.”

आणि ज्याबद्दल पॉन्तवेनमध्ये कुणी विचारत नाही, ते त्यानं आपणहून सांगितलं, आम्हां सगळ्यांसमोर, लीड्सच्या बाईला.

“चौसष्ट साली इथं तीन डी. जोन्स होते. रंगखात्यातले डॅनियलकाका, मी, आणि माळ्यावर माझा बाप, दाविथ. मी बावीसचा. माळा पेटला. आम्ही सगळे इथंच उभे होतो, याच दगडांवर. कारकुनानं वहीतून वाचलं. जोन्स डी. मी म्हटलं हजर. जोन्स डी. डॅनियलकाका म्हणाले हजर. जोन्स डी. आम्हां दोघांनाही वाटलं, मघाचं आपलं नव्हतं बहुतेक, हे आपलं. दोघं एकदम हजर म्हणालो. कारकुनानं तीन खुणा केल्या. कुणी वर गेलं नाही. कशाला जाईल? सगळे हजर होते.” तो थांबला. “बापाच्या हाकेला मी ओ दिली, बाई. म्हणून त्याची हाक मी दर वेळी रिकामी ठेवतो. ती त्याची आहे.”

मिस क्रॅनवेल त्याच्या शेजारी भिंतीवर बसली. तिच्या चांगल्या कोटाला काजळी लागली, तिनं पाहिलं नाही. खिशातून पेन काढलं. “जोन्स डी., पहिला,” ती म्हणाली. “याला काय म्हणतात?”

“डायन्योल ढोबळा.”

तिनं अक्षरं विचारून विचारून लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. मग इव्हान्स सगळे, मग डेव्हिस. सेहेचाळीस नावं झाली. “आणि सगळ्यांत वर,” ती म्हणाली, “दाविथ माळा.”

“ते तुमच्या कागदावर चालेल?”

“नाव लिहिते. पुढचा रकाना कोरा सोडते.”

दिल्विननं मान हलवली. मग खाकरला. “आणखी एक लिहा. ते वजन. काल तुम्ही ते उचललं नसतंत तर आज पिंजणखातं गेलं असतं, मग कताई, मग सगळंच. दार उघडं मी ठेवलं होतं. वर्षानुवर्षं. ते अहवालात लिहा, माझ्या नावानं लिहा.” तो उठून सरळ उभा राहिला. “पूर्ण नाव लिहा. नुसतं डी. नको.”

तिनं लिहिलं.

ती जायला निघाली तेव्हा हेविन फाटकापाशी ओरडला, “या हं परत, मिस वजन!” तिला वाटलं चेष्टा आहे. मी तिला सांगितलं, “बाई, पॉन्तवेनमध्ये टोपणनाव सगळ्यांना मिळत नाही. आमचे मॅनेजर चार वर्षं आहेत इथं, त्यांना अजून नाही.” त्यावर ती पहिल्यांदा हसली.

अहवाल महिन्याभरानं आला. चौतीस पानं. मीच फाइलला लावला, म्हणून मला पाठ आहे. एकोणिसाव्या पानावर होतं: ‘हजेरी तोंडी, टोपणनावानं, खात्यांच्या क्रमानं घ्यावी. उत्तराचा शब्द: बाहेर. ही पद्धत श्री. दिल्विन जोन्स यांची असून ती बदलू नये.’ त्याच्याच खाली दाराचं होतं, तेही पूर्ण नावानं. दिल्विननं दोन्ही परिच्छेद वाचले, दोनदा वाचले, आणि पान माझ्याकडं परत देत म्हणाला, “दोन्ही खरं आहे.” बस्स. पण त्या रविवारी त्यानं चॅपेलात सूर असा लावला की पेटीवालीनं पेटी सुरूच केली नाही.

आगीच्या दाराला आता वरती एक चुंबक बसवलाय. दार उघडं राहतं, आणि घंटा झाली की आपणहून सुटून बंद होतं. डव्रिगची पाठ बरी आहे. नवा सैतान आलाय, दातांपुढं खिळे पकडणारं लोहचुंबक असलेला. डव्रिग त्यालाही ‘माफ कर हं’ म्हणून चालू करतो, असं हेविन सांगतो. पण हेविनचं काय!

वसंतात दिल्विन पासष्टचा झाला, निवृत्त व्हायची वेळ आली. प्रशिक्षणाला नेस्टा नदीपलीकडची गेली होती. कागद घेऊन आली, पण हजेरी तिला दिल्विननंच शिकवली, रोज दुपारी, अंगणात, सूर धरून. शेवटच्या दिवशी त्यानं दंडाची पट्टी सोडली, धुऊन इस्त्री करून आणलेली होती ती, आणि तिच्या दंडाला बांधली. गाठ दोनदा तपासली. मग पाटीवरचं आपलं नाव बाहीनं पुसलं. ‘दिल्विन नाक’ गेलं आणि तिथं काळा पट्टा राहिला. बाकीच्या नावांना त्यानं बाही लागू दिली नाही.

त्यानंतरचा पहिला सराव मे महिन्यात झाला. सकाळची वेळ. घंटा वाजली, आम्ही सगळे अंगणात आलो, आणि मला पुलावर दिल्विन दिसला. हातात पिशवी, पिशवीतून गार्मोनचा पाव डोकावत होता. घंटा ऐकून तो जागच्या जागी थांबला होता.

नेस्टानं घसा साफ केला. “दाविथ माळा...”

शांतता. एक श्वास, पुरा.

“सैतान...”

“बाहेर!” उंच, बारीक, काचेसारखा स्वच्छ.

मग भुंगा, मग घड्याळ, मग ढोबळा, मग मी टकटक. आवाजावर आवाज चढत गेले. फक्त खालच्या पट्टीत, जिथं बेचाळीस वर्षं एक जाड, तेलकट सूर सगळ्यांच्या शेवटी येऊन बसायचा, तिथं मोकळं होतं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. डेलिथनं पुलाकडं बघितलं. मग हेविननं. कुणीतरी आता ओ देईल असं क्षणभर वाटलं.

“सगळे बाहेर,” नेस्टा म्हणाली.

पुलावर दिल्विननं टोपी काढली, परत घातली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घराकडं चालायला लागला. त्याला कुणी हाक मारली नव्हती.